बिननावाचं पान

सापगावच्या भातगिरणीत धर्माचा उभा जन्म कोंड्यात गेला. कोंड्याची खाज म्हणजे जिवाला ताप, आणि धर्माचे हात सदा डोळ्यांत. चोळ चोळ चोळायचा. पंचविशीतच त्याला एका दिव्याचे चार दिवे दिसायला लागले. चष्म्यावर चष्मे झाले, तेव्हा मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुबुळ पातळ होऊन पुढे आलंय, भाताच्या राशीसारखं टोकदार." कडक लेन्स दिली. ती काय कोंड्यात टिकते होय! शेवटी सत्त्याण्णव साली उजव्या डोळ्याला मेलेल्या माणसाचं बुबुळ शिवलं.

कोणाचं, ते दवाखाना सांगेना. नियमच तसा.

त्या पितृपक्षात धर्मानं बापाच्या पानाशेजारी दुसरं पान मांडायला लावलं. आई ताराबाई भडकली. "नाव नाय, गाव नाय, त्याला घरात बोलवतोस? मानगुटीवर बसंल!"

"डोळ्यात बसलाय ना तो, मानगुटीवर कशाला जातोय?"

आता त्या पानावर वाढायचं काय? बापाला सुकट आवडायची, म्हणून त्याच्या पानावर सुकट. पण हा कोण? सुकट खाणारा की माळकरी? बाई की बाप्या? मग दरसाल एका कडेला सुकट, एका कडेला खीर. ताराबाई कुरकुरायची, पण रांधायची.

नऊ वर्षं डोळा चालला. औषधाचे थेंब, टाके काढणं, आसनगावला जाऊन गाडी धरणं, यातच माणूस पिकला. मग डोळा लाल झाला, गळायला लागला. असं झालं तर लगेच यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. पण गिरणीचा हंगाम. आज जाऊ, उद्या जाऊ. आणि चोळला, हो, चोळलाच. दवाखान्यात गेला तेव्हा बुबुळ सारं धुरकटलेलं.

"रोग नवा असला तर हल्ली आत रिंग बसवतात," बाई म्हणाल्या, "नाहीतर औषध टाकून किरणांनी बुबुळ घट्ट करतात. तुमची ती वेळ गेली. पुन्हा बुबुळच बदलावं लागेल."

धर्मा घरी येऊन ओटीवर बसला तो बसलाच. बायको सुंदरानं समजावलं, रागावली. तो एकच बोले, "थकलो गो. एकाचं दिलेलं मातीत घातलं. दुसऱ्याचं कुठल्या तोंडानं घेऊ?"

सर्वपित्रीला ताराबाईनं दोन पानं वाढली आणि तिसरं कोरं पान धर्मासमोर ठेवलं.

"हे नव्याचं. पुढल्या साली मांडायचं हाय. ऊठ, जा दवाखान्यात."

"नाय म्हनलं ना, आये."

"ओझं वाटतंय ना? मग फेड. मी मेले का माझे डोळे दे त्यांना." तिनं कोरं पान त्याच्याकडे सरकवलं. "फकस्त ज्याला लावतील त्याला सांग, म्हातारीला सुकट लागते. खीर नको."

दवाखाना सांगत नाही, हे धर्माला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. म्हणून तर इतकी वर्षं सुकट आणि खीर दोन्ही तीच रांधत होती. धर्माला रडू फुटलं आणि हात सवयीनं डोळ्याकडे गेला.

"रड पायजे तेवढा," ताराबाई खेकसली, "पन चोळू नको, मेल्या!"

तिनं त्याचं मनगट धरलं, ते सुंदरानं दवाखान्याची पिशवी भरेपर्यंत सोडलं नाही.