दारावरचा निंब

उखर्डू मास्तरांना एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. त्या साली एदलाबादजवळच्या आमच्या गावात देवीची साथ आली, शाळा बंद पडली, आणि मास्तर नुसते गल्लीतून येरझारा घालत राहिले. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्यांनी दवंडी पिटवली, ज्याच्या दाराला निंबाचा डहाळा, त्याचं पोर घरीच राहील.

दाराला निंब म्हणजे घरात देवी, हा आमचा रिवाज. पण कापसाची वेचणी ऐन भरात होती. पोरं सांभाळणार कोण? सकाळी पाहावं तर एकाही दाराला निंब नाही! बायांनी डहाळे आत उतरंडीमागे नेऊन टांगले होते.

मास्तर भडकले. "देवीलासुद्धा लपवता?" मग ते स्वतः शाळेच्या दारात उभे राहिले. प्रत्येक पोराच्या कपाळाला हात लावायचे, गरम लागलं की परत पाठवायचे.

सुपडूआबा नातवासाठी अडून बसले. "उनानं डोकं तापलं त्याचं, मास्तर."

"आबा, ऊन अजून पडलंय कुठं?"

काही दिवसांनी मास्तरांचीच पोरगी शेवंता वर्गात पाटीवर डोकं टेकून निजली. तिला उठवायला गेले, तर तोंडावर, हातांवर पुरळ.

भरदुपारी त्यांनी तिला खांद्यावर घरी नेलं आणि सगळ्यांदेखत दाराला निंब बांधला. सुपडूआबा समोरच्या ओट्यावर होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, पोरगी रोज तुमचं बोट धरून शाळेत जाये. गरम नाही लागलं?"