समजदार वस्ती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की आधी पक्षालाच शिव्या घालाव्याशा वाटतात — आणि त्या घालता घालता माझी गोष्ट राहूनच जाते. सोयीचंच आहे ते, नाही का?

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी आमच्या पक्षात दोन तट पडले होते. एक सबुरीवाल्यांचा — कुणाला दुखवायचं नाही, आधी निवडून येऊ, मग बघू. दुसरा वनिताचा. वनिता माझी चुलतबहीण, वस्तीतला बचत गट चालवते. तिचं म्हणणं एवढंच — जी वस्ती दरवेळी आपल्याला मत देते तिचं एकही काम जाहीरनाम्यात नसेल, तर तो जाहीरनामा कुणाचा? आमच्या बौद्ध वस्तीतून स्मशानाकडे रस्ता नाही. मयत खांद्यावर घेऊन लोकांच्या शेतांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जायचं, पावसाळ्यात घसरत. रस्ता मागितला तर त्या शेतवाल्यांची मतं जातील, ही सबुरीवाल्यांची भीती. अजून डोकं फिरतं माझं. मेलेल्या माणसानं आणखी किती सबुरी धरायची?

रविवारी बुद्धवंदना झाल्यावर विहारात बसून वस्तीनं ठरवलं — रस्ता जाहीरनाम्यात आला तरच प्रचार करायचा. विहारात ठरलेलं आमच्यात कोणी मोडत नाही. तो निरोप घेऊन मी आणि वनिता मंगरूळपीरला पक्षाच्या बैठकीला गेलो. ती सगळ्यांसमोर कडक बोलली. मी — मी मान खाली घालून चहा पीत होतो. मग तालुकाध्यक्षांनी मला एकट्यालाच आतल्या खोलीत नेलं.

"तुमी तं वस्तीतलेच आहा. खरं सांगा, रस्त्यासाठी लोकं अडून बसतीन काय?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "आमचे लोकं समजदार हायेत."

समजदार! थू माझ्या तोंडावर. गळ्यावर कोणी सुरी ठेवली नव्हती. मला पक्षाचं तालुका उपाध्यक्षपद हवं होतं, बस्स.

आणि तेवढ्यावर तरी थांबलो का? वस्तीत परत आल्यावर लोकांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की साहेब तयार होते, वनिताच्या जिभेनं काम बिघडवलं. वस्ती उमेदवारीसाठी तिचं नाव पुढं करणार होती — ते मागे पडलं. ठरल्याप्रमाणे वस्तीनं प्रचार केला नाही, पण मतं दरवेळसारखी दिलीच. पक्ष निवडून आला. मला पद मिळालं. रस्ता अजून झालेला नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे वनितालाही ते खरं वाटलं. कडक बोलली होतीच ना ती!

गेल्या पावसाळ्यात काकू गेली, वनिताची आई. धुऱ्यावर दोनदा आमचे पाय घसरले, एकदा तिरडी कलली. परतताना वनिता माझ्याजवळ आली.

"माह्या तोंडानंच वाटोळं केलं, भाऊ. त्या दिवशी चूप राह्यली असती, तं मायले सडकेनं नेलं असतं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे. होते असं कधी कधी."