गाऊन घातलेली सासू

तीन पोरं वाढवली, चार म्हशी सांभाळल्या, आता एका नातीचं काय अवघड, असं मी अख्ख्या गल्लीत सांगत फिरले होते. हे आधीच कबूल केलेलं बरं. म्हणजे पुढचं ऐकून कुणी माझी कीव करायला नको.

सून कडेगावात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. आमचे मालक फौजेतनं रिटायर, पोरगाही फौजेत, लांब. नातीला सहावा महिना लागला आणि सुनेची बाळंतपणाची रजा संपली.

"आत्या, जमंल नव्हं तुमाला?" तिनं विचारलं. आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात.

"जमंल म्हंजी? मला शिकवती व्हय? तू बिनघोर जा."

तिनं आपलं दूध काढून तीन बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी, तिच्यावर वार आणि वेळ. दवाखान्यात कुणाचे नमुने ठेवावेत तशी मांडणी. बाटली कोमट पाण्यात कशी धरायची, वाटी-चमच्यानं कसं पाजायचं, सगळं तिनं सांगितलं. मी मान डोलावली. मान डोलावताना मी पावट्याच्या शेंगा सोलत होते, आणि ध्यान सगळं शेंगांत होतं.

नऊला तिची स्कूटी गेली. मी फ्रीज उघडला. आता बघा, चाळीस वर्षं या घरात दूध आलं की पहिलं तापवायचं. लेकराला बिनतापवलेलं दूध देईल ती कसली बाई! मी तिन्ही बाटल्या एका पातेल्यात ओतल्या आणि गॅस पेटवला. दूध पातळ दिसलं, तर मनात म्हटलंसुद्धा, सकस खात नाही पोरगी. तेवढ्यात नात रडली. तिला घेऊन येईपर्यंत पातेल्याच्या बुडाला खरवड लागली होती आणि घरभर करपट वास.

"काय गं, बासुंदी व्हय आज?" बाहेरच्या सोप्यातनं मालकांनी विचारलं.

लेकरू भुकेनं लाल झालं. शेवटी फोन करावा लागला. पहिल्याच दिवशी रजा मागून सून अकराला घरी. ती ओरडली नाही. पातेल्यात बघितलं, पोरीला पाजायला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमची चूक न्हाई, आत्या. सोमवारी मी राजीनामाच देते. ही चालाय लागली की बघू परत."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. त्या 'परत'ची मला चांगली ओळख आहे. थोरल्याच्या वेळी मी अंगणवाडीचं काम असंच सोडलं होतं. थोरल्याचं आता टक्कल पडायला आलंय, माझं 'परत' अजून यायचंय.

"आज गुरुवार हाय," मी म्हटलं. "सोमवार लांब हाय. मला उद्याचा एक दिस दे."

शुक्रवारी मी बाटली कोमट पाण्यात अशी धरून बसले, की पूजेला बसल्यावरही मी इतकी गप्प नसते. पण नातीनं तोंडच उघडेना. चमचा आला की मान तिकडं. माझ्या अंगाला मिश्रीचा वास, वर गोठ्याचा. मीही तोंड फिरवलं असतं. समोर खुंटीवर सुनेचा आदल्या रात्रीचा गाऊन लटकत होता.

हा गाऊन म्हणजे या घरातला जुना तंटा. ती लग्न होऊन आली तेव्हा मीच बजावलं होतं, "गाऊन घालून सोप्यात यायचं न्हाई. माणसं बसत्यात."

आधी तो नुसता खांद्यावर टाकला. वाटी धरू का चमचा, तो घसरून खाली. मग दाराला कडी लावली आणि साडीवरनंच अंगात चढवला. आरशात बघितलं, तर कापसाचं बाचकं उभं! पण नातीनं छातीशी नाक घासलं, जरा विचार केला आणि तोंड उघडलं. एक वाटी संपायला तासभर लागला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही.

रिकामी वाटी घेऊन मी तशीच सोप्यात धावले. "पिली! समदं पिली!"

सोप्यात मालकांचे दोन फौजी दोस्त चहा पीत बसले होते. बशा हवेतच थांबल्या.

"आवं वैनी..." एक म्हणाला.

मालकांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "ड्रेस चेंज झालाय जणू. डूटी कुठं लागली?"

संध्याकाळी सून दारातच थांबली. मी अजून गाऊनमध्येच, काखेत पोर. पहिली वाटी पिल्यापासून तो उतरवायचं धाडसच झालं नव्हतं.

"आत्या, माझा गाऊन..."

"व्हय. तीन बाटल्या संपल्या. आन ह्यो धुयाचा न्हाई. रातच्याला तूच घाल, सकाळी खुंटीला लाव."

ती हेल्मेट न काढता तिथंच पायरीवर बसली आणि हसत सुटली. मग हसता हसता रडली.

सोमवारी राजीनाम्याचं नावही निघालं नाही. खुंटीवर गाऊन होता, फ्रीजमध्ये बाटल्या, आणि स्कूटी नऊच्या ठोक्याला गेली. आता रविवारी सून गाऊन घालून सोप्यात बसते, माणसांसमोर खुशाल चहा पिते. मला दिसतं सगळं. पण बोलायला तोंड कुठं राहिलंय?