आकाराममामांचा डबा

शाहूपुरीतल्या आकाराममामांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "कुणी धाडलं तुमाला?" असं विचारलं. मी ज्याचं नाव घेतलं त्याला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, "खरंच तुझा मानूस हाय न्हवं?" अशी खात्री करून घेतली आणि मगच मला स्टूल दिलं. माझ्या गिटारच्या पिशवीवरची नजर मात्र शेवटपर्यंत हलली नाही.

मामा अँप्लिफायर दुरुस्त करायचे, पण त्यांचं नाव झालं होतं ते डब्यामुळे. डबा म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन पेडल. गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये ते जोडायचं आणि पायानं बटण दाबायचं. तारेचा सरळ, स्वच्छ आवाज फाटतो, जाड होतो आणि लांबत जातो. मामांच्या डब्यावरचं गेनचं, म्हणजे आवाज किती फाडायचा त्याचं, बटण पूर्ण फिरवलं की गुऱ्हाळातल्या काहिलीत रस खदखदावा तसा आवाज यायचा. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्या आवाजासाठी कसलीही उलटतपासणी सोसायला मी तयार होतो.

डबा बंद करायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. अर्थात बघू देत नसत, ती गोष्ट वेगळी. आयसीवरचा, म्हणजे आतल्या मुख्य चिपवरचा, नंबर पॉलिश पेपरनं घासून काढायचा. बारीक भागांचं माप सांगणारे रंगीत पट्टे मामींच्या नेलपॉलिशनं झाकायचे. मग सगळ्यावर काळा रंग कालवलेलं अरल्डाइट ओतायचं. ते वाळलं की आत काय आहे ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही. सर्किट कागदावर कुठंच नव्हतं. "कागुद फितूर हुतोय, मास्तर," असं म्हणायचे. चहावाल्यानं पायरीवर थांबायचं, आणि आत मोबाइल खिशातून काढायचा नाही. वीस वर्षांपूर्वी त्यांनी बनवलेला एक अँप्लिफायर जवळच्याच माणसानं उघडून, जसाच्या तसा तयार करून बाजारात आणला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मान्य. मामा पाणीसुद्धा फुंकायचे.

डब्याचं काम चालू असताना आत बसायची मुभा एकट्या केरबाकाकांना. वडणग्याचे केरबाकाका शाळेपासूनचे मित्र. दोन म्हशी आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत बेंजो वाजवणं, हा त्यांचा संसार. वर्षानुवर्षं स्पीकर तपासून मामांचे कान गेले होते. चिरका, बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नसे. म्हणून त्या काळ्या लेपातून चिरकेपणा कमी-जास्त करणारा एक स्क्रू वर ठेवलेला असायचा आणि तो केरबाकाकांच्या कानावर फिरायचा. मामा जुन्या गिटारची तार छेडायचे आणि काका डोळे मिटून सांगायचे, "उजवीकडं... आनि थोडं... थांब. आता आलं." एवढं झालं की डबा गिऱ्हाइकाला द्यायचा.

गेल्या दिवाळीनंतर मी एक घोळ घातला. परगावच्या कुठल्याशा कंपनीच्या पेडलचा व्हिडिओ मला सापडला, आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी तो मामांना गंमत म्हणून दाखवला. मामांनी फोन कानाला लावला. दोनदा ऐकलं.

"ह्यो माझा डबा हाय."

"मामा, फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर सगळी पेडलं सारखीच वाटतात."

"माझा हाय म्हनतोय न्हवं! आत कोन बसतंय? तुमी न्हाय. च्यावाला न्हाय. मग ऱ्हायलं कोन?"

एरवी आवाज ओळखायचा झाला की मामा केरबाकाकांना विचारत. या वेळी विचारणार कसं? चोर तेच ठरले होते.

संध्याकाळी काका आले. "माझं सर्किट कुणाला दिलंस?" मामांनी विचारलं. काका आधी हसले. मग मामांचा चेहरा बघून थांबले.

"आकाराम, मला सर्किटातलं काय कळतंय रं?"

"न कळनाराच आख्खा डबा उचलून न्हेतोय. हो भाईर."

दुकानात मी होतो, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. काकांनी चपला पायात सरकवल्या आणि ते गेले. मी तोंड उघडलं नाही, याची मला अजून लाज वाटते. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे घरी जाताना माझ्याही मनात पाल चुकचुकली. केरबाकाकांकडे नवा मोबाइल आला होता, तो कुठून आला असेल?

पुढचे सात डबे मामांनी स्वतःच्या कानानं लावले. सातही परत आले. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज, दातांना शिरशिरी आणणारा. मामांना तो ऐकूच येईना. आधी त्यांना वाटलं, माल देणारा नकली आयसी देतोय. मग वाटलं, केरबानं गिऱ्हाइकं फितवली. मामी एकदा वैतागून म्हणाल्या, "आता मीच ऱ्हायलेय. माझीबी झडती घ्या की!" मामा हसले नाहीत.

शेवटी मला राहवेना. ते परगावचं पेडल मी मागवलं आणि मामांसमोर त्याचे चार स्क्रू काढले. आत ना लेप, ना रंग. प्रत्येक भागावरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. मामा अर्धा तास भिंग लावून बघत होते. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "ह्यात माझं काय बी न्हाय." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले. मग भिंग पुसत, माझ्याकडे न बघता, "मास्तर, तुमी बलवा त्येला," एवढंच.

मी वडणग्याला गेलो. काका म्हशींना वैरण टाकत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "त्यो सोता म्हनला, चुकलं म्हनून?"

"नाही."

"न्हायच म्हननार त्यो."

तरी दुसऱ्या दिवशी चार वाजता आले. नेहमीच्या जागी बसले, डोळे मिटले. मामा तार छेडत गेले, स्क्रू फिरवत गेले. सात डबे झाले, सात वेळा "आता आलं" झालं. तो रस खदखदणारा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, चला, मिटलं एकदाचं.

"च्या सांगू?" मामांनी विचारलं.

"नको. धारंची येळ झाली."

काका उठले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. शर्टाचा खिसा त्यांनी उलटा केला. तंबाखूची चंची, चुन्याची डबी, मोबाइल, सगळं काउंटरवर मांडलं. मग पायजम्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढले.

"बघून घे, आकाराम. मागनं मनात याय नको."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मामांनी तिकडं बघू नये असं मला अगदी मनापासून वाटत होतं. नुसतं "भर खिशात, गाढवा" म्हणाले असते तरी पुरे होतं.

मामांनी बघितलं.