धुऱ्याजवळची पात

बोंडअळीची ती वर्षं. अर्धी बोंडं किडकी, काम थोडं आणि हात जास्त. आमची बायांची वेचणीची टोळी होती, आम्ही बौद्ध बाया आणि तांड्यावरच्या बंजारा बाया मिळून. कोणी कोणत्या ओळीनं वेचत जायचं, म्हणजे कोणती पात धरायची, ते मी ठरवायची.

एका सकाळी गावातलीच एक जण कमरेला ओटी, म्हणजे कापूस वेचून टाकायची झोळी, बांधून हजर. जन्मली मुलगा म्हणून, पण दोन वर्षांपासून साडी नेसायची. भावानं घराबाहेर काढलेलं. पुरुषांत कामाला गेली की छळ व्हायचा.

"मावशी, मले पात द्या. नाहीतर गाव सोडा लागते."

तांड्यावरची म्हातारी, तिला आम्ही सगळ्या याडी म्हणजे आई म्हणायचो, ती हसली. "हाताले मेंदी लावून आली वं! बोंडं टोचतीन."

"टोचू द्या याडी. लोकाईच्या बोलण्याहून नरमच हायेत."

मी तिला घेतलं, आणि खोटं कायले सांगू, मोठं भलं केलं असं वाटलं मला. पात दिली धुऱ्याजवळची, शेताच्या बांधाला लागून. कोणाला खेटणं नाही, कोणाची कुरकुर नाही. संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं सगळ्यांत हलकं भरलं.

"हिले वेचताच येत नाही," एक बाई म्हणाली. "उद्यापासून नोको घेऊ."

ती नवी पोरगी ओटी सोडत होती. म्हणाली, "मावशी, त्या पातीत कापूस कुठी होता?"

खरंच होतं. धुऱ्यावरच्या बाभळींच्या सावलीत पराटी, कपाशीचं झाड, गुडघ्याएवढीच राहते. आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईला अख्खा जन्म तीच पात मिळाली, आमच्या वस्तीचा स्पर्श नको म्हणून. वरून लोक तिला आळशी म्हणायचे. तरी मी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी धुऱ्याला मी लागले आणि तिला याडीच्या बाजूला मधली पात दिली. ती कालची बाई म्हणाली, "मी हिच्यासंग नाही वेचत," आणि निघून गेली. मी थांबवलं नाही.

याडी तिला दिवसभर रागवत होती. "पाला नोको येऊ देऊ वं ओटीत! असं धर बोंड."

धुऱ्याची पात पुढं आम्ही पाळीपाळीनं घेतली. याडीची पाळी आली की ती मला शिव्या द्यायची. पण ती पोरगी गावातच राहिली. सोडून गेलेली बाई मात्र रस्त्यात भेटली की अजून तोंड फिरवते. मी बोलते आपली.