डाव्या कानातला श्वास

सकाळचे सव्वासात. एका शेगडीवर दूध, दुसऱ्या शेगडीवर कुकर, यजमान तोंडाला साबण फासून आरशासमोर, सूनबाई एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने हरवलेला मोजा शोधतेय आणि धाकट्या बाई तिघांचे डबे भरताहेत. घराचं गाडं रोजच्या आवाजात चाललेलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीनदा. मग जरा थांबून, आणखी एकदा.

सगळे होते तिथेच थांबले.

या घराचं दार असं वाजवणारं माणूस एकच होतं, बाईंची थोरली बहीण. बेल बेसूर आहे म्हणून ताई तिला कधी हात लावायची नाही. बोटाच्या पेरांनी दार वाजवायची, तीनदा, मग एकदा. आणि ताईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

सूनबाईने दार उघडलं. शाळेचा शिपाई उभा होता, काखेत भलंमोठं खोकं.

"बेल लागत नाही बाई तुमची. दोनदा दाबली. मॅडमनी पाठवलंय हे. इथं सही करा."

तो जिना उतरला तसे यजमान साबणाच्या हातानेच बाहेर गेले आणि त्यांनी बेल दाबली. ठणठणीत वाजली.

"शिपायाचं बोट मऊ असेल," ते म्हणाले. कोणी हसलं नाही. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि घर पुन्हा सुरू झालं.

खोक्यात होता शाळेचा लॅपटॉप, पुढे दोन डोळ्यांसारखे दोन माइक असलेलं तळहाताएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र, एक स्टँड आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. बाईंना ठाऊक होतं हे येणार म्हणून. फक्त इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

झालं होतं असं. अठ्ठावीस वर्षं बाई एकाच शाळेत गाणं शिकवत होत्या आणि त्यांतली सव्वीस ताईच्या शेजारी उभं राहून. मुलं ताईला मोठ्या बाई म्हणत आणि हिला धाकट्या बाई. आता मोठ्या बाई नव्हत्या, पण छप्पन्नाव्या वर्षीही ह्या धाकट्याच राहिल्या होत्या. गेल्या महिन्यात घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, "स्वरतंतूंवर गाठी आहेत. दिवसाला एक तास गा. जास्त गायलात तर आहे तेही जाईल." शाळेत रोज सहा तास. मुख्याध्यापिका मॅडमनी तोड काढली. सहा गाणी रेकॉर्ड करा, वर्गात ती वाजवा, मुलं त्यावर गातील. सत्र संपेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गाण्याचा तास संगणकाला जाईल आणि बाई ग्रंथालयात.

"म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारायचे," बाई घरी येऊन म्हणाल्या होत्या. "मुकाट्याने."

"मुकाट्याने काय, आता तुला म्यूट करायचं बटणच घरी येतंय," यजमान म्हणाले होते. "अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली मी त्या बटणाची."

शनिवारी संगणकाच्या सरांनी शिकवलं. पोरगेलासा माणूस, पण चिकाटीचा. "बाई, लाल दिवा लागला की तोंड उघडायचं. हा पहिला पट्टा, त्यावर तुमचा मुख्य सूर. हेडफोनमधून तो ऐकत ऐकत खालच्या पट्ट्यावर दुसरा सूर भरायचा. दोन्ही एकदम वाजवले की दोन बायका गाताहेत असं वाटेल."

"दोन बायका," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी त्या पाऊण तास गायल्या आणि मग लक्षात आलं, लाल दिवा लागलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दिवा लागला, पण हेडफोन लावायचे राहिले. लॅपटॉपमधून पहिला सूर मोठ्याने वाजत राहिला आणि दुसऱ्या पट्ट्यात तोही उतरला. ऐकताना त्यांचाच आवाज त्यांच्यामागून, किंचित उशिरा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. त्यांनी तो घाईघाईने पुसला. मग खोली घुमते म्हणून तक्रार.

"कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा आई," सूनबाई म्हणाली. "कपडे आवाज पितात."

घरात कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट एकच होतं, मागच्या छोट्या खोलीत. ताईचं, शेवटची वर्षं ती इथेच राहायला होती. दोन वर्षं 'या रविवारी रिकामं करू' म्हणत तसंच राहिलेलं. बाईंनी दारं उघडली. शाली, झगे, लोकरीचे कोट ओळीने लटकलेले, खांदे सगळे एका उंचीवर. बाईंनी स्टँड मांडला, खुर्ची ओढली आणि त्या खांद्यांच्या रांगेसमोर बसून गायला लागल्या. घुमारा खरंच गेला. इतका गेला की गाणं थांबलं की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं.

चार दिवसांत दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या वेळी स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. त्या यंत्र तसंच सोडून धावल्या. परत येऊन पाहतात तो लाल दिवा चालूच. ती फाइल पुसायची कशी ते विसरल्या होत्या, म्हणून तिला 'रिकामं' असं नाव देऊन ठेवून दिली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

पाच गाणी झाली तेव्हा त्यांनी सगळी सलग ऐकायची ठरवली. दुपारची वेळ. हेडफोन लावले, डोळे मिटले. पहिल्या ओळीच्या आधी कोणीतरी श्वास घेतला.

डाव्या कानात. फक्त डाव्या.

नाकातून ओढलेला लांब श्वास, शेवटी किंचित अडखळलेला. मग गाणं, दोन्ही कानांत, समोरून, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. पुढच्या ओळीआधी पुन्हा तेच. डावीकडे श्वास, समोर गाणं.

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण तो श्वास त्यांना पाठ होता. गाण्याच्या इतर शिक्षिका 'एक, दोन, तीन, चला' म्हणून वर्ग सुरू करतात. या बहिणींनी कधी आकडे मोजले नाहीत. ताई नेहमी डावीकडे उभी राहायची. ती श्वास घ्यायची, शेवटी तो असाच अडखळायचा, त्याबरोबर चाळीस पोरांचे खांदे वर उठायचे आणि सगळी एकदम सुरावर उतरायची. 'आधी श्वास ऐका, मग गा,' हा तिचा पहिला धडा.

त्यांनी एकेक पट्टा बंद करून पाहिला. दुसरा सूर बंद केला, श्वास होता. साथीला वाजवलेल्या कीबोर्डचा पट्टा बंद केला, श्वास होता. फक्त स्वतःचा मुख्य पट्टा उरला आणि त्यात प्रत्येक ओळीआधी पडद्यावर एक छोटासा फुगवटा दिसत होता, पाण्याखालून कोणी वर येऊ पाहतंय असा.

रात्रभर त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. सकाळी सूनबाईने तोंडाकडे पाहून ओळखलं.

"काय झालं? सांगा बघू. चहा निवतोय."

सूनबाई धीराची पोरगी. तिने हेडफोन लावून ऐकलं. तिचाही हात एकदा डाव्या कानाशी गेला. मग म्हणाली, "एक ओळ म्हणा आत्ता. मी दारात उभी राहते."

बाईंनी एक ओळ म्हटली.

"आई, तुम्ही मान वळवता."

"काय?"

"सुरू करायच्या आधी डावीकडे पाहता. तिकडे तोंड करून श्वास घेता आणि मग समोर येऊन गाता. यंत्राला दोन माइक आहेत ना? डाव्याने तो पकडला. तुमचाच आहे तो." ती जरा थांबली. "मावशी तिथे उभ्या राहायच्या ना, म्हणून."

दोन वर्षं, रोज सहा तास, प्रत्येक ओळीआधी बाई त्या रिकाम्या जागेकडे वळून पाहत होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता. भीती गेली. तिच्या जागी जे आलं त्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

पाच गाणी सरांकडे गेली. सोमवारी पाचवी ब चा तास. अडतीस मुलं उभी, मॅडम मागच्या बाकाशी वही घेऊन. सरांनी मोठ्या खुशीत दोन्ही बाजूंचे स्पीकर लावले. "सगळा कचरा काढलाय बाई. पंख्याची घरघर, खुर्चीचं कुरकुरणं, श्वास, सगळं साफ."

गाणं सुरू झालं. स्वच्छ, काचेसारखं.

एकाही मुलाने तोंड उघडलं नाही.

पहिली ओळ गेली, दुसरी गेली. अडतीस तोंडं मिटलेली, अडतीस जोड्या डोळे बाईंच्याही पलीकडे, त्यांच्या डावीकडच्या मोकळ्या जागेवर लागलेले. खोडकर मुलंसुद्धा ताठ उभी. बाईंचा आवाज स्पीकरमधून एकटाच गात राहिला आणि बाई स्वतः ओठ मिटून तो ऐकत राहिल्या. आपल्याशिवाय चाललेला आपला वर्ग बघावा तसं ते होतं.

"गात का नाही रे?" मॅडमनी विचारलं.

पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "अजून मोठ्या बाईंनी श्वास नाही घेतला."

मॅडमची पेन्सिल थांबली. ही मुलं ताईकडे फक्त तिसरीत होती.

बाईंनी पिशवीतून यंत्र काढलं आणि न पुसलेली मूळ फाइल लावली. डावीकडच्या स्पीकरमधून श्वास आला. अडतीस जोड्या खांदे एकदम वर उठले आणि वर्ग सुरावर उतरला, असा की खिडकीच्या काचा थरथरल्या.

मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "सहावं राहिलंय. शुक्रवारी ऐकते. तेही असंच झालं तर तास तुमचाच."

आणि तिथेच घोडं अडलं. सूनबाईने सांगितल्यापासून बाईंची मान वळेना. वळवली तर मुद्दाम वळवल्यासारखी, श्वास घेतला तर नाटकातल्यासारखा. सहावं गाणं त्यांनी अकरा वेळा म्हटलं. सूर बिनचूक, पण आधीचा श्वास खोटा. बुधवारी वर्गात वाजवून पाहिलं तर निम्मी मुलं उगाच हसली, निम्मी गप्प.

"पहिल्या गाण्यातला उचलून इकडे लावा," यजमान म्हणाले. त्यांनाही आता या यंत्रातलं कळायला लागलं होतं.

लावून पाहिला. पण सहाव्याची लय संथ. पहिल्यातला श्वास तिथे आखूड पडला, गाणं त्याच्यावर आदळल्यासारखं वाटलं. बाई एकेक फाइल उघडत गेल्या, कुठे लांब श्वास सापडतो का म्हणून. शेवटी यादीत ती राहिली. 'रिकामं'.

त्यांनी ती लावली. खुर्ची सरकल्याचा आवाज. चपला, धावत लांब गेलेल्या. लांबवर गॅसचं बटण, पातेलं ओट्यावर आपटल्याचा आवाज आणि त्यांचाच स्वर, "गेलं, सगळं गेलं!" मग खोलीतली शांतता, कपड्यांनी प्यालेली.

मग डाव्या कानात श्वास.

लांब. संथ. शेवटी किंचित अडखळलेला. आणि त्यानंतर थांबणं, दुसऱ्याने सुरू करावं म्हणून माणूस थांबतं तसं.

बाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. पातेलं खरवडत होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी हेडफोन काढले. कपाट उघडंच होतं, कोट जागच्या जागी. त्यांनी सावकाश डावीकडे मान वळवली, या वेळी जाणूनबुजून, आणि बराच वेळ तिकडे पाहत बसल्या. तिथे भिंत होती, आणि भिंतीवर दुपारचं ऊन.

सूनबाईला हाक मारावी असं एकदा मनात आलं. ती येईल, ऐकेल आणि काहीतरी कारण काढेल. खिडकीचा पडदा, शेजारचा नळ. कारण नक्की सापडेल. बाईंनी हाक मारली नाही. शनिवारी शिकल्याप्रमाणे त्यांनी तो तुकडा दोन्हीकडून कापला, उचलला आणि सहाव्या गाण्याच्या अगोदर नेऊन ठेवला. सरकवायची गरज पडली नाही. लयीला तंतोतंत बसला.

शुक्रवारी अडतीस जोड्या खांदे एकदम वर उठले. मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांचेही उठले. बाईंनी पाहिलं.

त्या दिवशी दुपारी शिक्षकांच्या खोलीत सरांनी वेळापत्रक दाखवलं. गाण्याचा तास, पाचही दिवस, पुढे बाईंचं नाव. "अभिनंदन बाई. आता सगळ्या वर्गांसाठी पक्क्या प्रती काढतो. तुमचे श्वास मी यावेळी ठेवलेत हं, पाचही गाण्यांतले." मग पडद्याकडे वाकून कपाळाला आठ्या घालत म्हणाले, "पण सहाव्यातला हा जरा वेगळा दिसतोय. तुमच्या बाकीच्या श्वासांशी जुळत नाही. मागे खोलीचा आवाजही निराळा. हा तेवढा काढून टाकतो, चालेल ना? एका क्लिकचं काम आहे."

त्यांचं बोट बटणावर गेलं. बाईंनी पुढे होऊन त्यावर आपला हात ठेवला.

"सर, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. "तो श्वास पुसू नका."