शेप्या आंब्याचं सरपण

आमच्या भावकीत पदवी घेतलेला पहिला माणूस मी. अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालो. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. इथे जे सांगणार आहे तेही त्या पदवीपायीच घडलं, म्हणून पदवीचं आधीच सांगून टाकलेलं बरं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेज संपवून गावी आलो. कुरुंद्याच्या बाजूलाच आमचं गाव. तेव्हा आमच्याकडे हळद म्हणजे विहिरीजवळचा एक तुकडा, बाकी सगळी ज्वारी, तूर आणि कापूस. मी रोज हॉटेलात चहा घेताना पेपर वाचायचो. एके दिवशी त्यात आलं, की परदेशात हळदीची मागणी वाढून राहिलीय, तिकडचे लोक औषध म्हणून हळद खातात. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आपन नवरदेवाला फासतो अन् ते लोक गोळ्या करून गिळून राहिले काय?" एकजण म्हणाला, आणि सगळं हॉटेल हसलं.

माझे वडील तिथेच होते. ते हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "खरं हाय का?"

"छापून आलंय, आबा."

"मंग लावू."

एवढंच. त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हतं. मी म्हटलं म्हणजे पक्कं. आमचं बघून शेजाऱ्यांनी लावली, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. पहिली दोन-तीन वर्षं भाव चांगला लागला. घराला स्लॅब झाला, दारात मोटारसायकल आली. खोटं कशाला बोलू? मलाही बरं वाटलं.

पण हळद नुसती उपटून विकता येत नाही. ती आधी शिजवावी लागते. शेतात चुलवाण खणायचं, त्यावर लोखंडी कढई ठेवायची, वर हळदीचाच पाला झाकायचा आणि खाली जाळ घालत राहायचं. एका तुकड्याच्या हळदीचं वाळल्या फांद्यांवर भागायचं. सगळं शिवार पिवळं झाल्यावर कुठून भागणार? आधी बांधावरच्या बाभळी गेल्या, मग ओढ्याकाठचे करंज, मग कडुलिंब. दुपारी बैल सोडायला सावली उरली नाही. वर्षभर पाणी पिणारं पीक, त्यामुळे विहिरी माघातच तळ दाखवू लागल्या. मागणी म्हणजे काय यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. ती मागणी आमच्या बांधावर येऊन बाभळी खाते, हे एकाही पुस्तकात नव्हतं.

आमच्या बांधावर शेवटी एक झाड उरलं, शेप्या आंबा. त्याच्या कैरीला शेपूचा वास यायचा म्हणून शेप्या. आजोबांच्याही आधीचा. लोणच्याला त्याच्यासारखी कैरी पंचक्रोशीत नव्हती. माय तर दुसऱ्या कैरीचं लोणचं घालायचीच नाही. झाड एवढं उंच, की आमच्यापैकी कुणी चढायचं नाही. शेजारच्या तांड्यावरचा नायक दरसाल यायचा, लांब काठीला जाळी बांधलेला झेला घेऊन. तो आंबे उतरवायचा आणि पाचवा वाटा घेऊन जायचा. त्याचा बाप आमच्या आजोबांच्या वेळी यायचा, तोही पाचव्याच वाट्यावर. त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही, की ठरवलं नाही.

शेप्या एकटाच उरला त्या वर्षी होळीच्या तोंडाला आमची हळद निघाली. कढई गावात एकच, आपल्या मालकासोबत पाळीनं शेतोशेत फिरणारी. आमची पाळी आली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी सरपण संपलं. अर्धी हळद ढिगात पडून होती. पाळी गेली तर पुढची पंधरा दिवसांनी, तोवर ढीग गरम होऊन सडणार. विकत लाकूड मिळेना, कारण सगळ्यांनाच हवं होतं. वडील शेप्याकडे बघत उभे राहिले. झाडाला बोराएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या.

"तू सांग," ते मला म्हणाले. "तू शिकलेला हायस."

मी दोन्ही बाजू मांडल्या. एक झाड आणि अर्धं पीक. कागदावर तर विचार करायचंही काम नव्हतं. मी म्हटलं, "तोडू."

कढईवाला म्हणाला, "अहो, ओलं लाकूड हाय ते. धूर व्हईल निस्ता, उकळी न्हाई यायची."

वडिलांनाही हे ठाऊक होतं. त्यांचा जन्म चुलवाणापुढे गेला होता. पण चार माणसांत शिकलेल्या लेकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता. "साहेबानं सांगितलंय," ते म्हणाले. "आना कुऱ्हाड."

झाड पडायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी ती लाकडं दिवसभर धुमसत राहिली. आम्ही डोळे पुसत वाळका पाला टाकत होतो, तेवढ्यापुरता जाळ यायचा आणि पुन्हा धूर. कढईवाला हळकुंडात काडी टोचून बघायचा आणि मान हलवायचा. शेवटी त्यानं मला ऐकवलं, "साहेब, कालेजात चूल न्हाई शिकवत काय?"

हळद कच्ची राहिली. बाजारात व्यापाऱ्यानं हळकुंड मोडलं, आत बघितलं आणि आमचा ढीग बाजूला काढला. भावही पडलाच होता. काहून पडला विचारलं, तर म्हणाला, "वरूनच कमी आलाय." वरून म्हणजे कुठून? त्यालाही ठाऊक नव्हतं. चढताना मला तो भाव समजतो असं वाटायचं. पडताना समजलं, की आमच्यापैकी कुणालाच तो कधी समजला नव्हता.

पाडव्यानंतर नायक आला. कैऱ्या किती धरल्या ते बघायला तो एक चक्कर मारायचाच. झेला नवा विणून आणला होता. बांधावर येऊन तो थांबला.

"पाटील, आंबा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वडील बोलले, "किडला व्हता आतून. पडून बैलावर आला असता, म्हनून काढला."

नायक वाकला. त्यानं बुडख्यावरून तळहात फिरवला. लाकूड काठापासून मध्यापर्यंत भरीव, कुठे भोक नाही की भुसा नाही. वाळलेल्या चिकाला मुंग्या लागल्या होत्या. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"व्हय पाटील," तो म्हणाला. "लई किडला व्हता."

झेला खांद्यावर टाकून तो गेला. पुन्हा आमच्या बांधावर आला नाही. येऊन करणार तरी काय होता?

पुढे पाच-सहा वर्षांत वाफेवर हळद शिजवणारे कुकर आले. थोडक्या लाकडावर काम होऊ लागलं, पण तोवर वाचवायला बांधावर काही राहिलं नव्हतं. मग झाडं लावा म्हणून सांगायला लोक येऊ लागले. त्यांच्या बैठकांत मी उठून बोलतो. जगाचा बाजार आणि आमचे उघडे बांध यांचा संबंध मला चांगला सांगता येतो. लोक टाळ्या वाजवतात, आणि मला माझाच राग येतो.

वडील आता नाहीत. शेप्याचा विषय निघाला की गावात आजही म्हणतात, किडला होता तो. मी तिथेच बसलेलो असतो. अजून एकदाही मी ‘नव्हता’ म्हटलेलं नाही.